तिसरा पुकारा

तो चांगला माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वेळेवर कधी आला नाही. माझा डबा न विचारता उघडायचा, भरीत संपवायचा आणि कोरडी भाकरी माझ्यासाठी झाकून ठेवायचा. नकला अशा करायचा, की समोरच्यानं हसावं की पायातली काढावी हे त्यालाच कळू नये. मी दोन्ही केलेलं आहे.

पण आता तो गेला ना. आता जिकडं तिकडं त्याचे गोडवे. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. परवा एका मंडळाचे दोन कार्यकर्ते घरी आले. हातात छापील पत्रक. त्याच्या स्मरणार्थ हास्य स्पर्धा. पत्रकाखाली नियम लिहिलेले, त्यातला पहिलाच असा, की विनोद निखळ आणि कौटुंबिक असावा, कोणाच्याही भावना दुखावू नयेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, ज्याच्या नावानं स्पर्धा भरवताय तो माणूस चार जणांच्या भावना दुखावल्याशिवाय स्टेजवरून खाली उतरत नव्हता! आज तो उभा राहिला असता तर तुम्हीच त्याला पहिल्या फेरीत घरी पाठवला असता.

"काका, तुमचाही सत्कार ठेवलाय," त्यातला एक म्हणाला. "शाल, श्रीफळ. त्यांचे जुने सहकारी म्हणून."

मी म्हटलं, "चहा प्या आणि निघा."

ते चहा न पिताच निघाले. बायको आतून आली आणि म्हणाली, "माणसं चांगलं बोलायला येतात, तुम्ही त्यांच्या अंगावर का जाता?"

का जातो ते सांगतो.

ऐंशीच्या दशकात पिंप्राळ्यात माझं माईकचं दुकान होतं, पीठगिरणीला लागून. दोन भोंगे, दोन माईक, एक अँप्लिफायर, वीज गेली तर बॅटरी आणि वायरीची ही एवढाली भेंडोळी. लग्न, बारसं, गणपती, सभा, कुठंही जा, कोपऱ्यात टेबल टाकून मी बसलेलो. पण माईकवाल्याला कोणी माणसात धरत नाही. आचाऱ्याला जाता जाता म्हणतात, "नाना, वरण-बट्टी झकास झाली बरं का." भटजीला वाकून नमस्कार करतात. माईकवाल्याकडं वळून बघतात ते फक्त आवाज गेल्यावर. भोंग्यातून कुंईऽ झालं रे झालं, की शे-दोनशे माना एकदम माझ्याकडं. "ओ माईकवाले, झोपले का?" माझ्या धंद्यात माझं एवढंच कौतुक झालं.

त्याची माझी गाठ पडली ती जळगावातल्या एका गणपतीत. करमणुकीचा कार्यक्रम म्हणून नकलाकार बोलावला होता. संध्याकाळची आरती झाली, लोक सतरंज्यांवर बसले, बायका एका बाजूला. हा स्टेजवर आला. चाळिशीचा, काटकुळा, कोपरापर्यंत दुमडलेला पांढरा सदरा. माईकवर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाला, "हॅलो. हॅलो. माईक टेस्टिंग. एक, दोन, तीन."

झालं, आता सुरू करेल, असं वाटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. "भाऊ, जरा आवाज वाढव." मी वाढवला. "हॅलो. नाही, कमी कर." मी कमी केला. "हॅलो, हॅलो. एक, दोन... भाऊ, तीन ऐकू येत नाही."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. माणूस काही पुढं सरकेना. लोक चुळबुळायला लागले आणि अर्थातच माझ्या नावानं ओरडायला लागले. काय भंगार सामान आणलंय, कोणी बोलावला हा माईकवाला, सगळं सुरू झालं. तो बिचाऱ्यासारखा चेहरा करून म्हणतोय, "जाऊ द्या हो, भाऊ गरीब आहे, प्रयत्न करतोय. हॅलो. एक, दोन..."

मी उठलो. तरातरा स्टेजवर गेलो आणि माईक हातात घेऊन ओरडलो, "माईकला काही झालेलं नाही! माईक ठणठणीत आहे! या माणसाच्या डोक्याला झालंय!"

माझा आवाज दोन्ही भोंग्यांतून असा खणखणीत बाहेर पडला की पार टोकाच्या घरांपर्यंत गेला असेल. मग जो हशा उसळला! माणसं सतरंज्यांवर लोळली. बायकांनी तोंडात पदर कोंबले. मी तिथं लालबुंद होऊन उभा, आणि हा माझ्या शेजारी हात जोडून, मान झुकवून लोकांचा निरोप घेतोय. कार्यक्रम संपला होता. कार्यक्रम तोच होता. आणि त्यातला अर्धा भाग माझा होता, मला न विचारता.

मी त्याला स्टेजमागं गाठलं आणि कॉलर धरली. तो म्हणाला, "भाऊ, उद्या भुसावळ रोडला एक कार्यक्रम आहे. येतोस का? पण एवढाच चिडला पाहिजेस, कमी नाही."

काय करणार अशा माणसाचं? मी गेलो. पुढं सात-आठ वर्षं जातच राहिलो.

दिवसा तो एका कोर्टात रोजंदारीवर पुकाऱ्याचं काम करायचा. व्हरांड्यात उभं राहून नाव पुकारायचं: अमका तमका, हाजिर हो! एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही तर गैरहजर. तो म्हणायचा, "भाऊ, या लोकांचं नाव आयुष्यात एकदाच कोणी मोठ्यानं घेतं, आणि ते मी घेतो, आणि ते ऐकून त्यांचे पाय लटपटतात. काय धंदा आहे का हा?" तेव्हा मला वाटायचं, गंमत करतोय.

हद्द म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. भडगावला एका शाळेचं गॅदरिंग होतं. प्रमुख पाहुणे यायला उशीर होत होता. हा पाठीमागून कोट चढवून आला आणि थेट पाहुण्यांच्या खुर्चीत बसला. मुख्याध्यापकांनी पाहुण्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी याला हार घातला, फुलं दिली, भाषणाची विनंती केली. हा उठला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "मी आपला जास्त वेळ घेणार नाही." मग पाणी प्यायला. "वेळ फार मौल्यवान आहे, म्हणून मी तो घेणार नाही. काही जण घेतात. मी त्यातला नाही. मला मागे एकदा विचारलं होतं, किती वेळ घेणार? मी म्हटलं, जास्त नाही." असं अर्धा तास! एक शब्द पुढं नाही. मुलं आधी गप्प, मग खुसखुस, मग अशी हसायला लागली की पहिल्या रांगेतली दोन तर चड्डी धरून बाहेर पळाली. मास्तर छडी उगारतायत आणि स्वतःच हसतायत. तेवढ्यात खरे पाहुणे दारात. ते स्टेजवर आले आणि त्यांचं पहिलं वाक्य काय असावं? "मी आपला जास्त वेळ घेणार नाही." शाळेचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. मुख्याध्यापकांनी आम्हाला फाटकापर्यंत हाकललं. माझा एक भोंगा तिथंच राहिला, तो दुसऱ्या दिवशी जाऊन आणला.

आणि माझ्याच घरी काय केलं! वडील जाऊन वर्ष झालं होतं. हा जेवायला आला होता. जेवता जेवता एकदम वडिलांसारखा खोकला. तो खोकला, मग पाण्याच्या तांब्याकडं न बघता लांबवलेला हात, मग "कोणी आहे का घरात?" हे शब्द. वडिलांना त्यानं दोनदाच पाहिलेलं. माझ्या हातातला घास खाली पडला. आई चुलीपाशी होती. ती वळली, तिनं बघितलं आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मी त्याला दंडाला धरून घराबाहेर काढलं. दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्याला परत बोलव. आणि जेवताना बोलव."

आता सत्काराचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आलं.

आमच्या खान्देशात टोपी-टॉवेलाशिवाय पान हलत नाही. लग्न असो, उद्घाटन असो, पाहुण्याला टोपी घालायची, खांद्यावर टॉवेल टाकायचा, हातात नारळ द्यायचा. मांडवात मुहूर्त टळून जातो, नवरानवरी घामानं निथळतात, पण माईकवरून नावं चालूच. अमुक गावचे माजी सरपंच आलेले आहेत, त्यांचा सत्कार. तमुक सोसायटीचे चेअरमन आलेले आहेत, त्यांचा सत्कार. तो टॉवेलही असा विरळ, की त्यातून पलीकडचं दिसावं. अंग पुसायच्या कामाचा तो नसतोच. या लग्नात मिळाला तर पुढच्या लग्नात द्यायचा. प्रत्येक घरात अशा टोप्या-टॉवेलांची एक ट्रंक भरलेली असते. माझ्याही होती.

एक दिवस तो आला आणि ती ट्रंक मागायला लागला. "सगळ्या दे. मी घरोघर मागून आणतोय." त्याच्या डोक्यात एक कार्यक्रम शिजत होता. नाव होतं 'मानाचा कार्यक्रम'. त्यात नकला नव्हत्या, चुटके नव्हते. त्यात तो फक्त सत्कार करणार होता. अगदी गंभीरपणे, कोर्टातल्या आवाजात, तीन पुकारे देऊन. पण ज्यांना कधीच कोणी पुकारत नाही त्यांचा. मांडवाचे खड्डे खणणारा, खरकटी उचलणारी, रांजणात पाणी भरणारा. एकेकाला वर बोलवायचं, त्यानं काय काम केलं ते मोठ्या पुढाऱ्याचं सांगावं तसं सांगायचं आणि टोपी, टॉवेल, नारळ.

"यात हसायचं कुठं?" मी विचारलं.

"ते लोक ठरवतील," तो म्हणाला. "आधी हसतील. मग हसू बंद होईल. मग परत हसतील, पण ते हसू वेगळं असेल. पाऊण तास लागेल. शेवट असा आहे भाऊ, की..." आणि थांबला. "नको. शेवट तू बघच."

पहिल्यांदा त्यानं तो केला पहूरला, एका मोठ्या बागायतदाराच्या लग्नात. केळीच्या बागा, दारात ट्रॅक्टर, मांडव एवढा की दुसरं टोक दिसू नये. त्यानं पहिला पुकारा दिला तो गावाबाहेरच्या वस्तीतल्या एका म्हातारीचा. पहाटेपासून सगळा रस्ता तिनं झाडला होता. ती बिचारी घाबरून मांडवाच्या कडेला उभी. आत यावं की नाही तिला कळेना. पाहुणे आधी हसले. मग त्यांना कळलं की हा खरंच तिला सरपंचांच्या आधी वर बोलावतोय. तो दुसरा पुकारा देतोय तोच नवरीचा काका धावत आला आणि त्यानं माझ्या टेबलावरची वायर हिसडून तोडली. पंगतीत बसलेल्यांतले चौघं उठून याच्या अंगावर गेले. म्हातारी कधी निघून गेली कोणी पाहिलं नाही.

परत येताना टेम्पोत तो ओठाला रुमाल लावून बसला होता. मी शिव्या घालत होतो. काकाला घातल्या, त्या चौघांना घातल्या, पहूरला घातल्या, त्यालाही घातल्या. तो म्हणाला, "भाऊ, मला बाकी काही नको. हा कार्यक्रम एकदा, फक्त एकदा, शेवटपर्यंत करायचाय. मधे कोणी तोडला नाही पाहिजे."

मी त्याच्या हातावर हात मारला. "माझ्या माईकवर तुझा आवाज आता कोणाच्या बापाला बंद करता येणार नाही. माझं वचन."

त्यानंतर त्यानं तो पाच-सहा ठिकाणी करून बघितला. कुठं मंडळाच्या सेक्रेटरीनं थांबवला, कुठं फटाके लावून उधळला, कुठं नुसतीच शिट्ट्यांनी वाट लावली. एकदाही अर्ध्याच्या पुढं गेला नाही. पण बंद कोणी केला, तर दुसऱ्यांनी केला. मी नाही.

मग नव्वद सालानंतर धुळ्याला एक सत्कार समारंभ ठरला. एका साहेबांचा. साहेब कोण ते सोडा, असले साहेब प्रत्येक जिल्ह्यात असतात. सत्कार समितीचे एक अध्यक्ष होते, सफारीवाले, तोंडात कायम पान. त्यांनी माईक माझा सांगितला आणि करमणुकीला याला बोलावलं. दुपारचे दोन वाजलेले. मैदानात कापडी मांडव, खाली पाच हजार तरी माणूस असेल, खेड्यापाड्यांतून ट्रकनं आणलेलं. साहेबांचा पत्ता नाही. तीन वाजले. उन्हानं लोक उठायला लागले, तसा अध्यक्षांचा चेहरा उतरला.

ते याच्याकडं आले आणि म्हणाले, "काहीही कर. साहेब येईपर्यंत एक माणूस हलला नाही पाहिजे."

"काहीही?" यानं विचारलं.

"काहीही!"

तो माझ्याकडं वळला. त्याचे डोळे असे चमकत होते की मला भीतीच वाटली. मी नवा अँप्लिफायर घेतला होता, त्याचा तो पहिलाच मोठा कार्यक्रम. मी त्याला अंगठा दाखवला.

आणि त्या दिवशी कार्यक्रम सुरू झाला तो रंगलाच. पहिला पुकारा रांजण भरणाऱ्याचा. मग मांडवाचे बांबू रोवणारे दोघं बाप-लेक. मग भट्टीपुढं भाजून निघालेला आचारी, उघड्या अंगानं, घाम पुसत. लोक हसले, अगदी पोट धरून हसले. मग हळूहळू हसू थांबलं. खेड्यातली माणसं होती ती, त्यांना कळलं की हे आपल्यातलेच आहेत. टाळ्या सुरू झाल्या. मग लोक स्वतःच ओरडायला लागले: आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरला बोलवा! त्या पोरवाल्या बाईला बोलवा, ती सकाळपासून पत्रावळी मांडतेय! त्या मैदानाची झाडझूड करणारी एक अक्का होती, बुटकी, हातात खराटा. तिला त्यानं पुकारलं तेव्हा ती सरळ चालत स्टेजवर गेली आणि खराटा न ठेवताच तिनं नारळ घेतला. पाच हजार माणूस उभं राहिलं. मी इतक्या वर्षांत असा आवाज माझ्या माईकवरून ऐकला नव्हता. टाळ्या थांबल्या तेव्हा अक्का खाली न उतरता स्टेजच्या कडेलाच टेकली.

तेवढ्यात रस्त्यावर धुरळा उडाला. साहेबांच्या गाड्या.

अध्यक्ष धावत माझ्या टेबलाशी आले. "बंद कर. बंद कर लवकर!"

मी स्टेजकडं बघितलं. त्यानंही गाड्या बघितल्या होत्या. त्याच्या पिशवीत एकच टोपी, एकच टॉवेल, एकच नारळ उरला होता, ते त्यानं हातात घेतलेलं मला दिसत होतं. त्यानं माझ्याकडं बघून दोन बोटं वर केली. दोन मिनिटं.

"दोन मिनिटं," मी अध्यक्षांना म्हटलं.

"दोन सेकंदही नाही. ऐकतोस का नाही? पुढची कामं हवीत ना धुळ्यात?"

एवढंच म्हणाले हो ते. मारलं नाही, वायर तोडली नाही. पहूरच्या त्या काकानं निदान वायर तोडायचे तरी कष्ट घेतले. इथं कोणाला काही करावंच लागलं नाही. मी माझ्या नव्या अँप्लिफायरकडं बघितलं, साहेबांच्या गाडीतून उतरणाऱ्या माणसांकडं बघितलं, आणि माझ्या याच हातानं, याच बोटांनी, बटण खाली केलं.

भोंगे गप्प झाले. तो स्टेजवर उभा होता. हातात टोपी-टॉवेल, तोंड माझ्याकडं. त्यानं मोठा श्वास घेतला आणि ओरडला. मला काही ऐकू आलं नाही, कारण इकडं साहेबांच्या नावाच्या घोषणा सुरू झाल्या होत्या. तो परत ओरडला. आणि परत. मानेच्या शिरा फुगलेल्या, तोंड वासलेलं, हात माझ्या दिशेनं. मला वाटलं, शिव्या देतोय. वचन दिलं होतंस ना भडव्या, असंच म्हणत असणार. मला लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून राग आला. खाई त्याला खवखवे. मी मान फिरवली आणि वायरी नीट करायला लागलो. परत बघितलं तेव्हा स्टेजवर साहेब होते. त्यांना जरीची टोपी घालत होते, आणि माईक चालू होता. मीच चालू केला होता.

तो माझ्या टेम्पोतून परत आला नाही. नंतर त्याला कोर्टातही कामावर बोलावलं नाही. कोणी सांगितलं होतं, का बोलावलं नाही, मला ठाऊक नाही. तो सुरतेला गेला, आमच्याकडून गावंच्या गावं जातात तसा, कुठल्याशा कापडाच्या कारखान्यात. मी पत्र टाकलं नाही. पाच हजार माणसांपुढं मला शिव्या दिल्या, मग मी का पत्र टाकू? असं म्हणायचो मी घरी, मोठ्यानं. आई म्हणायची, "जाऊन तर ये एकदा." सुरतेची पॅसेंजर रोज जळगावातून सुटायची. मी गेलो नाही. कामं होती धुळ्यात. मिळाली होती ना.

दोन-तीन वर्षांनी बातमी आली. तापात गेला म्हणे. तिकडंच सगळं उरकलं.

आणि मग धुळ्यात शोकसभा ठेवली. कोणी? त्याच अध्यक्षांनी! त्याच मैदानाच्या बाजूच्या सभागृहात. माईकसाठी निरोप मलाच. "तुमचे जुने संबंध," म्हणाले. मी सकाळीच गेलो. सामान लावत होतो. आत एक बाई खुर्च्यांखालून झाडत होती. तीच अक्का. आता केस पिकलेले, पण खराटा तसाच. तिनं मला ओळखलं नाही. अँप्लिफायर ओळखला असावा, कारण त्याच्याकडं बघून मग माझ्याकडं बघितलं.

सभा सुरू झाली. हाराच्या आड त्याचा फोटो, कुठल्यातरी ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. त्यामुळं त्याच्या खांद्यावर कोणा दुसऱ्याचाच हात होता. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. पान नव्हतं, डोळ्याला रुमाल होता. "या मातीनं दिलेला हिरा... उपेक्षितांना व्यासपीठावर मानाचं स्थान देणारा पहिला कलावंत... आणि आम्हाला अभिमान आहे, की तो ऐतिहासिक कार्यक्रम आमच्या समितीच्या व्यासपीठावर झाला..." मी टेबलाशी बसून दात-ओठ खात होतो. ऐतिहासिक! याच तोंडानं बंद कर म्हणाला होतास की रे!

अक्का भिंतीला टेकून ऐकत होती. ती हळूच माझ्याशेजारी आली, खाली बसली आणि अहिराणीत कुजबुजली.

"तू तोच शे ना, माईकवाला?"

मी मान हलवली.

"मग तू वर काबर उना नही रे, त्या दिवशी?"

मला कळेना. "वर यायचं होतं? कुठं वर?"

"तुले बलावत व्हता ना तो. मी तठेच व्हतू, स्टेजवर, त्याना पायपाशी बसेल. टोपी-टॉवेल धरीसन हुभा व्हता. आते मन्हा माईकवाला भाऊ, म्हने. तीनदा पुकारा कया त्यानी." तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मी काही मोठी चूक केलीय आणि तिला माझी कीव येतेय. "तीनदा बलावं. तू उनाच नही."

शेवट तू बघच, असं म्हणाला होता. पाऊण तासाच्या त्याच्या कार्यक्रमाचा शेवट मी होतो. पहूरलाही मीच असणार होतो, त्या पाच-सहा ठिकाणीही मीच. सगळ्यांच्या शेवटी, कोपऱ्यातला माईकवाला. आणि मला वाटलं शिव्या देतोय. त्या शिव्यांचं निमित्त करून मी सुरतेला गेलो नाही.

स्टेजवर अध्यक्ष सांगत होते, "शेवटपर्यंत आम्ही त्याच्या पाठीशी..."

मी बटण खाली केलं.

सभागृह गप्प झालं. अध्यक्षांचे ओठ हलत राहिले, मग थांबले. त्यांनी माईकवर टिचकी मारली. "हॅलो. हॅलो." शे-दोनशे माना एकदम माझ्याकडं वळल्या.

"ओ माईकवाले," कोणीतरी ओरडलं, "झोपले का?"

मी एका टोकापासून वायर गुंडाळायला घेतली. अक्का उठली, दुसऱ्या टोकाला गेली आणि तिनं तिकडून वायरीचे खिळे काढायला सुरुवात केली.